काटासाहेबांचा चाकांवरचा डबा

कॅराव्हॅन घेण्यात आपलं काही चुकलं, असं काटासाहेबांनी कधीच कबूल केलं नाही. चुकलं असेल तर कॅराव्हॅनचं, रस्त्याचं, परिवहन कार्यालयाचं, नाहीतर गुरुत्वाकर्षणाचं. गुरुत्वाकर्षणाशी त्यांची तशी जुनी ओळख होती. वजनमापे निरीक्षक म्हणून त्यांनी चौतीस वर्षं शहरातले तराजू तपासले, आणि काटा केसभर जरी कलला तरी दुकानाला सील ठोकलं. एवढ्या वर्षांत कुठल्याही दुकानात पाण्याचा पेलासुद्धा घेतला नाही. 'काटासाहेब' हे नाव दुकानदारांनी दात ओठ खात ठेवलं होतं. निवृत्तीनंतर ते इमारतीत आलं आणि आता पोस्टमनही त्याच नावाने हाक मारायचा.

कॅराव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागे हुकाला अडकवून ओढायचं घर. ही फिकट पिवळी होती, दोन चाकांची, आणि वापरलेली. आत एक बिछाना, एक शेगडी, हात धुवायला एक भांडं आणि तीन कपाटं. त्यातलं एक उघडलं की दुसरं उघडायचं नाही. इमारतीच्या आवारात ती येऊन उभी राहिली त्या सकाळी खिडक्या भराभर उघडल्या आणि दुपारपर्यंत तिचं 'डबा' असं बारसंही झालं.

काटासाहेबांना हौस म्हणून डबा नको होता. काकूंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, कंबर हे त्यामागचं कारण होतं. तीन वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झाली आणि तेव्हापासून काकूंना सलग पाऊण तासापेक्षा जास्त बसता येत नसे. पाऊण तास झाला की वीस मिनिटं पाठ टेकून सरळ पडायचं, असा डॉक्टरांचा हुकूम होता, आणि डॉक्टर विसरले तरी कंबर विसरत नव्हती. मोटारीच्या मागच्या सीटवर पाय पसरत नव्हते. त्यामुळे तीन वर्षांत काकू दवाखान्याच्या पलीकडे गेल्या नव्हत्या. तीनशे किलोमीटरवर त्यांची धाकटी बहीण राहत होती. रोज संध्याकाळी दोघी फोनवर तासभर बोलायच्या, आणि रोज काय बोलतात हे काटासाहेबांना कधी कळलं नव्हतं. त्या महिन्याच्या एक तारखेला मात्र बोलता बोलता काकू एकदम गप्प झाल्या. धाकटी घर विकून परदेशात मुलाकडे चालली होती, कायमची. वीस तारखेचं विमान होतं.

"आता कसली भेट होतेय," फोन ठेवून काकू म्हणाल्या.

काटासाहेबांनी रुग्णवाहिकेची चौकशी केली. काकूंनी साफ नकार दिला. "मी रुग्णवाहिकेतून दारात उतरले तर तीच आडवी होईल, मग तिला कोण नेणार?" तेव्हा काटासाहेबांनी दोन दिवस जाहिराती चाळल्या आणि चार तारखेला डबा आणून उभा केला. चालत्या डब्यात माणूस बसवायची परवानगी नसते हे त्यांनी आधीच वाचून ठेवलं होतं. म्हणून पाऊण तास मोटारीत बसायचं, थांबायचं, वीस मिनिटं डब्यात पडायचं, पुन्हा निघायचं, असं वेळापत्रक त्यांनी आखलेल्या कागदावर लिहून काढलं. कागदावर तो प्रवास अगदी देखणा दिसत होता.

पहिली अडचण वरच्या मजल्यावरून आली. तिथे इमारतीचे सेक्रेटरी राहायचे. बँकेतून निवृत्त झालेले, आणि जगातल्या प्रत्येक वस्तूबद्दल मत असलेले गृहस्थ. ते डब्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "काटासाहेब, हे वाहन आहे की बांधकाम?"

"वाहन."

"वाहन असेल तर नोंदणीची पाटी कुठे आहे? आणि बांधकाम असेल तर परवानगी कुठे आहे?"

शेवटी डब्याला पाहुणा ठरवण्यात आलं. रोज सकाळी काटासाहेब फाटकावरच्या वहीत लिहायचे: पाहुण्याचं नाव, डबा. कोणाकडे, काटासाहेबांकडे. कामाचं स्वरूप, उभं राहणे. नियम म्हटल्यावर त्यांना त्यात काही विनोदी वाटलं नाही. जाण्याची वेळ या रकान्यात मात्र काय लिहावं याचा ते रोज थोडा वेळ विचार करत.

दुसरी अडचण छतावर होती. बिछान्याच्या बरोबर वर ओल आलेली होती. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला मिस्त्री येऊन टकटक करून गेला आणि म्हणाला, "सीलंट मारतो, पण गळतंय नेमकं कुठून ते दाखवा." सेक्रेटरींनी लगेच आपल्या गॅलरीतून पाण्याचा पाइप सोडला. त्यांच्या मेव्हण्याची होडी होती, त्यामुळे गळती या विषयात आपला शब्द शेवटचा, असं त्यांचं म्हणणं होतं. आत कुणीतरी थांबून थेंब कुठे पडतो ते सांगायला हवं होतं. काकू म्हणाल्या, "मला तसंही आडवंच पडायचं असतं, मी थांबते."

पाणी सुरू झालं. दोन मिनिटांनी आतून आवाज आला, "अहो, आलं!"

"कुठे?"

"कपाळावर!"

"कपाळावर म्हणजे कुठे? डाव्या भिंतीपासून किती?"

"माझं कपाळ भिंतीपासून किती लांब आहे ते तुम्हीच येऊन मोजा. मी उठले तर कपाळ हलेल!"

काटासाहेब टेप घेऊन आत गेले. मोजमाप काटेकोर झालं, पण तोपर्यंत उशी भिजून चिंब झाली होती, आणि बाहेर कुणीच पाणी बंद केलं नव्हतं, कारण बंद करा असं कुणी म्हटलं नव्हतं. मिस्त्रीने तिथे सीलंट मारलं. दुसऱ्या दिवशी पाणी काकूंच्या पायावर पडलं. तिसऱ्या दिवशी थेंबही आला नाही, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग लक्षात आलं की सेक्रेटरींचा पाइप दारात चेमटला होता. एक बाई खिडकीतून सांगत होत्या की छतावर ताडपत्री टाका, दुसऱ्या म्हणत होत्या की छतच काढा. आपलं छत जाहीर सभेचा विषय झालं याचं काटासाहेबांना वाईट वाटत होतं, पण ते रोज शिडी लावायचे आणि काकू रोज कोरडी उशी घेऊन आत जायच्या. नऊ तारखेला पाऊण तास पाणी मारूनही उशी कोरडी राहिली. काकू उशी डोक्यावर धरून बाहेर आल्या आणि सगळ्या खिडक्यांना दाखवली.

दहा तारखेला काटासाहेब परिवहन कार्यालयात गेले. खिडकीमागचा कारकून अर्ज वाचत एका रकान्यावर थांबला. "इंजिन क्रमांक?"

"इंजिन नाही."

"बिघडलंय?"

"नाहीच आहे. हे मागून ओढायचं वाहन आहे."

"रकाना रिकामा ठेवता येत नाही. कॉम्प्युटर पुढे जात नाही."

"'लागू नाही' लिहा."

"अक्षरं घेत नाही. सहा आकडे लागतात."

सरकारी रकाना रिकामा ठेवता येत नाही हे काटासाहेबांना मान्य होतं. त्यांनी स्वतः आयुष्यभर कुणाला ठेवू दिला नव्हता. पण नसलेल्या इंजिनाला क्रमांक देणं म्हणजे खोटी माहिती देणं होतं. कारकून म्हणाला, सहा शून्यं टाका. काटासाहेब म्हणाले, तेही खोटंच. मागे रांग वाढली. शेवटी कारकुनाने पेन ठेवलं आणि हात जोडून विचारलं, "साहेब, तुमच्याकडे इंजिनं किती आहेत?"

"शून्य."

"मग शून्य लिहिलं तर खोटं कसं होतं?"

काटासाहेब बाजूच्या बाकावर जाऊन अर्धा तास बसले. मग उठले आणि स्वतःच्या हाताने सहा शून्यं लिहिली. कारकुनाने शिक्का मारला, आणि मारता मारता सांगितलं की आता फक्त सार्वजनिक काट्यावरचा वजनाचा दाखला आणा. तोवर डबा शहराच्या हद्दीबाहेर न्यायचा नाही.

वजनाचा दाखला! काटासाहेबांना हसूच आलं. घरी येऊन काकूंना म्हणाले, "हे तर आपल्या घरचं काम."

ट्रकचं वजन करायचा मोठा काटा शहराच्या टोकाला होता. मालकाने काटासाहेबांना लांबूनच ओळखलं आणि घाईघाईने खुर्ची पुसली. डबा काट्यावर चढला. मालक आकडा वाचायला वाकला, इतक्यात काटासाहेबांची नजर, सवयीप्रमाणे, यंत्राच्या पडताळणीच्या शिक्क्याकडे गेली. मुदत संपून बारा दिवस झाले होते.

"उतरवा," काटासाहेब म्हणाले.

"काय?"

"डबा उतरवा. या काट्यावर वजन करता येणार नाही."

"अहो साहेब, तुमचाच डबा आहे! तुम्हाला मी खोटं वजन सांगेन का?"

"सांगाल असं नाही. पण खरं सांगितलंत की खोटं, ते मला कळणार नाही."

मालकाने कपाळाला हात लावला. "नऊ वर्षांपूर्वी तुम्ही माझा काटा बंद केलात, तेव्हा मी तुम्हाला मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या. आज तुम्ही स्वतःसाठीच बंद करताय, आता कुणाला देऊ?"

नवा निरीक्षक काटासाहेबांच्याच हाताखाली तयार झाला होता, आणि तो रजेवर होता. पंधराला येणार होता. दुसरा काटा होता, पण शहराच्या हद्दीबाहेर, आणि दाखल्याशिवाय हद्द ओलांडायची नाही असा नियम होता. काटासाहेब डबा घेऊन घरी आले. फाटकावरच्या वहीत पाहुण्याची पुन्हा नोंद झाली.

काकू गॅलरीत आडव्या पडल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्या काट्यात फार तर किलोभराचा फरक असता ना?"

"असता."

"आणि आपले पाच दिवस गेले."

"गेले."

काकू बोटांवर दिवस मोजत होत्या आणि मोजून झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्या बोटापासून सुरुवात केली. काटासाहेबांना त्या पाच दिवसांत जेवण गोड लागलं नाही. पण शिक्का संपलेल्या काट्यावर वजन करून घ्यावं, असं काही त्यांना वाटलं नाही. दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात शेजारी शेजारी बसून होत्या आणि एकमेकींशी बोलत नव्हत्या.

पंधराला निरीक्षक आला, सोळाला काट्यावर नवा शिक्का बसला, आणि पहिला दाखला काटासाहेबांना मिळाला. वजन सहाशे किलो. सामान भरून सातशेपर्यंत चालणार होतं. सतराला सामान भरायला घेतलं.

आणि इथे एक अशी चूक झाली, जी जगात फक्त काटासाहेबच करू शकले असते.

डबा दोन चाकांवर उभा असतो, मधोमध. पुढे हूक, मागे शेपूट. काटासाहेबांनी पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत चमक आली. हा तर तराजूच होता! त्यांनी न्हाणीघरातला वजनकाटा आणून हुकाखाली ठेवला आणि पदर खोचल्यासारखी लुंगी खोचली. पुढच्या कपाटात चहाचा डबा गेला की मागच्या कपाटात साबण. डावीकडे दोन ताटं, उजवीकडे दोन ताटं. काकूंच्या गोळ्यांच्या बाटल्यासुद्धा सम संख्येत वाटल्या गेल्या. पुढची शेगडी जड होती, म्हणून त्यांनी निरोप समारंभात ऑफिसने भेट दिलेली वजनं बाहेर काढली. वीस किलोची दोन आणि दोन किलोचं एक, लोखंडी, बाद झालेली, पण रंग देऊन चकचकीत केलेली. ती तिन्ही डब्याच्या शेपटाला गेली. संध्याकाळपर्यंत हुकाखालचा काटा बरोबर शून्यावर आला. डब्याचा पुढचा दांडा एका बोटाने वर होत होता आणि एका बोटाने खाली.

मिस्त्री हे बघून घाबरलाच. "साहेब, हुकावर थोडा भार लागतो हो. चाळीसेक किलो तरी. डबा मोटारीवर जरा रेलला पाहिजे."

"रेलला पाहिजे?" काटासाहेबांचा आवाज चढला. "मिस्त्री, जी वस्तू तोलात आहे तिला कुणावर रेलायची गरज नसते. चौतीस वर्षं मी हेच केलं. तुम्ही मला तोल शिकवताय?"

"बरोबर आहे," गॅलरीतून सेक्रेटरी म्हणाले. "मेव्हण्याची होडीही अशीच तोलात होती."

त्या होडीचं पुढे काय झालं हे त्या वेळी कुणी विचारलं नाही.

अठराला सकाळी निघाले. सगळी इमारत निरोप द्यायला खाली आली. वहीतल्या 'जाण्याची वेळ' या रकान्यात काटासाहेबांनी सात वाजून दहा मिनिटं असं ठळक अक्षरात लिहिलं. शहरात सगळं सुरळीत होतं. पहिला थांबा वेळेवर झाला, काकू डब्यात पडून आल्या आणि म्हणाल्या, "अहो, छान आहे. छताकडे बघितलं की सगळं सीलंट आठवतं."

मोठा रस्ता लागला. काटासाहेबांनी वेग पन्नासवर नेला आणि डबा हलायला लागला. आधी थोडा, मग सपासप, डावीकडे उजवीकडे, म्हशीने शेपूट मारावं तसा. त्याच्याबरोबर मोटारही हलू लागली. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत पुढे गेला आणि जाताना खिडकीतून काटासाहेबांना जे म्हणाला, ते काकूंनी ऐकलं नाही असं दाखवलं. वेग चाळीसवर आणला की डबा शांत, पंचेचाळीस झाला की पुन्हा नाच. एक सायकलवाला त्यांच्याकडे बघत, पाय न मारता, उतारावरून पुढे निघून गेला.

दुपारपर्यंत जेमतेम ऐंशी किलोमीटर झाले होते. एका पेट्रोलपंपाच्या कडेला काटासाहेबांनी न्हाणीघरातला काटा पुन्हा हुकाखाली ठेवला. काटा दोनवर होता. "बघ!" ते विजयाने म्हणाले. "तोल बिघडलाय. मागच्या कॅनमधलं पाणी आपण वापरलं ना." त्यांनी दोन किलोचा हिशेब लावून सामान हलवलं आणि काटा पुन्हा शून्यावर आणला. आणि त्यानंतरच्या पहिल्याच वळणावर डब्याने असा काही झोका घेतला की कपाटं उघडली, ताटं खणाखणा आपटली, आणि शेपटाने रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड खरवडला. मोटार कशीबशी कडेला थांबली. काटासाहेबांचे हात स्टिअरिंगवरून निघेनात.

काकूंचा पाऊण तास भरला होता. त्या डब्यात गेल्या, बिछान्यावरची ताटं खाली ठेवली आणि आडव्या पडल्या. काटासाहेब दारात उभे राहिले.

"अहो, फिरवा गाडी," काकू छताकडे बघत म्हणाल्या. "मी तिला फोन करून सांगते, डॉक्टर नाही म्हणाले."

"डॉक्टर कुठे नाही म्हणाले?"

"मग काय सांगू? तुम्हाला काही झालं तर मी कुणाला सांगू? राहू दे. रोज बोलतोच की आम्ही. तिकडूनही बोलू." एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे हलत होते, आणि या वेळी डबा उभा होता.

काटासाहेब बाहेर आले. खरवडलेल्या दगडाजवळ जाऊन उभे राहिले. आयुष्यात त्यांनी शेकडो दुकानदारांकडून 'चुकलो साहेब' ऐकलं होतं, पण ते शब्द स्वतःच्या तोंडून कसे निघतात याचा त्यांना सराव नव्हता. त्यांनी घसा साफ केला. पुन्हा साफ केला. मग मिस्त्रीला फोन लावला.

"मिस्त्री, तुमचं बरोबर होतं. मी चुकलो."

मग मिस्त्री म्हणाला, "साहेब, आवाज नीट येत नाहीये. परत सांगता का?"

काटासाहेब ओरडले, "मी चुकलो! हुकावर भार हवा!" शेतातले दोन पक्षी उडाले. डब्याच्या खिडकीतून काकूंनी मान बाहेर काढली.

"आता आला," मिस्त्री म्हणाला, आणि तो हसतोय हे तीन शहरांपलीकडूनही कळलं असतं. "ती लोखंडी वजनं मागून उचला आणि एकदम पुढे टाका. आणि साहेब, तोलातला डबा म्हणजे कुणाचं न ऐकणारा डबा. वारा आला की वाऱ्याचं ऐकतो, ट्रक आला की ट्रकचं. मोटारीवर जरा रेलला की मग तिच्यामागे मुकाट चालतो."

एकेक वजन पोटाशी धरून काटासाहेबांनी पुढे नेलं. काटा हुकाखाली ठेवला. बेचाळीस किलो. तो आकडा बघून त्यांच्या जिवाला फार त्रास झाला. मोटारीचं शेपूट किंचित दबलेलं दिसत होतं आणि सगळं एका बाजूला कललेलं, सील ठोकावं असं. ते डोळे मिटून स्टिअरिंगमागे बसले, मग गाडी चालवायची आहे हे आठवून उघडले.

पन्नास. पंचावन्न. साठ. डबा सरळ मागे येत होता.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "हा येतोय ना मागे? आवाजच नाही."

काटासाहेबांनी आरशात बघितलं आणि मान हलवली.

वाटेत एक मुक्काम करून एकोणीसला दुपारी तीन वाजता ते पोहोचले. धाकटी फाटकातच उभी होती, सकाळपासून. दोघी बहिणी एकमेकींना धरून इतका वेळ उभ्या राहिल्या की काटासाहेबांना पाऊण तासाची काळजी वाटू लागली. घरात एक खुर्चीसुद्धा उरली नव्हती. सगळं सामान गेलं होतं, भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन होते आणि बोललेला शब्द खोल्यांमधून फिरून परत येत होता. काकूंना जमिनीवर बसता येत नव्हतं. तेव्हा धाकटीच डब्यात आली आणि घराचा निरोप डब्याच्या खिडकीतूनच घेतला गेला.

"भावोजी," ती म्हणाली, "उद्या टॅक्सी सांगितलीय विमानतळाला. ती नको म्हणून सांगू का? तुमच्याबरोबर येऊ?"

विमानतळ सत्तर किलोमीटरवर होता, उलट्या दिशेला. काटासाहेब म्हणाले, "सांग."

वीस तारखेला सकाळी मागच्या सीटवर धाकटी, डिकीत तिच्या दोन बॅगा. एक थांबा मधे झाला. दुसऱ्याची वेळ विमानतळाच्या रांगेतच भरली. गाड्या इंचाइंचाने सरकत होत्या, थांबायला कुठेच जागा नव्हती. काकूंनी दार घट्ट धरलं होतं आणि ओठ आवळले होते. प्रवासी उतरवायच्या पट्टीत काटासाहेबांनी गाडी थांबवली, तेव्हा वर मोठी पाटी होती: थांबण्याची मुदत तीन मिनिटं. धाकटीने काकूंना हात देऊन डब्यात नेलं, आणि त्यांच्या शेजारी तीही आडवी झाली. दार लागलं.

तीन मिनिटं झाली. गणवेशातला गार्ड शिट्टी वाजवत आला. "साहेब, गाडी काढा. तीन मिनिटं झाली."

काटासाहेबांनी पाटीकडे बघितलं. पाटीवर स्पष्ट लिहिलं होतं, मुदत चुकीची नव्हती, गार्डही त्याच्या जागी बरोबर होता. आतून धाकटी काहीतरी म्हणाली आणि काकू हसल्या. तीन वर्षांत काकू अशा हसल्या नव्हत्या. फोनवरचं हसणं काटासाहेबांना एका बाजूने ऐकू यायचं, हे दोन्ही बाजूंनी येत होतं.

"गाडी हलत नाही," काटासाहेब म्हणाले. "हुकात बिघाड आहे."

असं म्हणून ते हुकाजवळ उकिडवे बसले. त्यांचे कान लाल झाले होते. हूक ठणठणीत होता आणि इतका स्वच्छ होता की त्यात गार्डचं तोंड दिसत होतं.

"मला तर घट्ट वाटतोय," गार्ड वाकून म्हणाला.

"वरून तसाच वाटतो."

गार्ड भला माणूस होता. त्याने शिट्टी खिशात टाकली आणि विमानतळावरच्या मेकॅनिकला बोलावून आणलं. वयस्क माणूस, हाताला कायमचं काळं तेल. त्याने हूक हलवला, दांडा दाबून बघितला, खाली डोकं घालून चाकं बघितली, आणि उठून हात पुसले.

"काका, याला काहीही झालेलं नाही."

काटासाहेबांनी रुमालाने हूक पुसायला घेतला. दुसरं खोटं त्यांच्याजवळ तयार नव्हतं. तेवढ्यात डब्यातून पुन्हा हसणं ऐकू आलं, मग हसता हसता कुणीतरी रडायला लागलं, आणि दुसरी तिला "गप गं, वेडी" म्हणाली, तीही रडतच. मेकॅनिकने डब्याच्या बंद दाराकडे बघितलं. मग हुकाजवळ बसलेल्या काटासाहेबांकडे.

"किती वाजताचं विमान आहे?" त्याने हळूच विचारलं.

"साडेबाराचं. पावणेअकराला आत जायचं आहे."

मेकॅनिकने घड्याळ बघितलं, गार्डकडे वळला आणि गंभीर चेहरा केला. "अवघड काम आहे. आतून बिघडलाय. अर्धा तास तरी लागेल."

"अर्धा तास?" गार्डने कपाळाला आठ्या घातल्या, आणि मग तोही काटासाहेबांच्या शेजारी उकिडवा बसला. "बरं. मग मी काय धरू ते सांगा."